पळसवनातले स्वार : तिसरी बैठक

कॅनव्हास २४ बाय ३६ इंच, ॲक्रिलिक. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, मधे २२० नंबरचा पॉलिश पेपर, वर पातळ बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). तीन स्वार डावीकडून उजवीकडे निघालेत, मागं फाल्गुनातलं किनवटचं रान.

ही बैठक सगळी रान पुन्हा रंगवण्यातच गेली. आधी झाडांमधे थॅलो ग्रीन भरला होता आणि तिथंच चित्र फसलं. पळस ऐन फुलात असतो तेव्हा अंगावर पान जवळपास नसतं, सागही तोवर बराच झडलेला असतो. मग एवढं हिरवं आणायचं कुठून? शिवाय नारंगी फूल आणि मध्यम हिरवा यांची गडदता सारखीच पडते. मोबाईलवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, पुढचा स्वार रानात विरघळलेला दिसतो. आता खोडांना अल्ट्रामरीन दोन भाग, अलिझरिन क्रिमसन एक भाग, किंचित बर्न्ट अंबर. या काळपट जांभळ्यावर नारंगी पेटतो.

नारंगी म्हणजे कॅडमियम ऑरेंज, थेट ट्यूबमधून, पाण्याचा थेंब न घालता, पेंटिंग नाइफनं (रंग लावायच्या बोथट सुरीनं). उजळ करायला पांढरा अजिबात नको, फुलं दुधाळ होतात. कॅडमियम यलो घालावा. खालचा जांभळा ओला असताना घाई केली की कडेला तपकिरी चिखल होतो. मधल्या स्वाराच्या फेट्यापाशी तसा डाग पडला, तो खरवडून काढावा लागला.

उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत रंग पॅलेटवरच कातडं धरतो. म्हणून स्टीलच्या पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, आणि पंखा बंद.

घोडे निळे. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कनं १९११ साली निळा घोडा रंगवला, पण त्याआधी घोड्याच्या शरीररचनेचा कसून अभ्यास केला होता. रंग मनाचा चालेल, सांधा मनाचा चालत नाही. भरधाव घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, पुढं-मागं ताणलेले असताना नव्हे; छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ च्या फोटोंत ते स्पष्ट दिसतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडेबाजार भरतो, तिथं वही घेऊन बसावंच.

तिसऱ्या घोड्याचे मागचे पाय अजून चुकीचे आहेत. ते नीट झाल्याशिवाय आयाळीला हात लावायचा नाही.