फिअर्स: चौथा आठवडा

महिन्याला एक इंग्रजी विशेषण धरायचं आणि पिळता येईल तेवढं पिळायचं, हा माझा उद्योग तुम्हाला ठाऊक आहेच. या खेपेला 'फिअर्स' घेतला. शब्दकोशात उग्र, तीव्र, भयंकर. म्हटलं, दोन दिवसांत उरकेल. चौथा आठवडा चालू आहे आणि वहीची अकरा पानं भरलीत.

पहिल्याच दिवशी 'फिअर्स रेन' ठोकून दिलं आणि तोंडावर आपटलो. पावसाला लागतं 'हेवी', गंभीर दुखापतीला 'सिव्हिअर'. वारा, आग, ऊन, वाद, विरोध, स्पर्धा यांच्याशी मात्र फिअर्सचं छान जमतं. वादळाशीही. मग पावसानंच काय घोडं मारलंय?

मूळ शोधलं तेव्हा जरा उजेड पडला. लॅटिन 'फेरुस' म्हणजे रानटी, न माणसाळलेला. जुन्या फ्रेंचमधून फिरत तो १३व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. 'फेरल' आणि 'फेरोशस' त्याचेच भाऊबंद. थोडक्यात, या शब्दाच्या पोटात एक जनावर बसलंय. वारा अंगावर येतो, आग झेप घेते. पाऊस नुसता पडतो, त्याचं मोजमाप होतं. हा तर्क माझा आहे, पण वाक्यं तपासताना बऱ्यापैकी कामी येतो. 'इंटेन्स'शी फरकही इथेच कळला. त्याचं मूळ ताणण्यात आहे, चावण्यात नाही. इंटेन्स हीट म्हणजे खूप उष्णता. फिअर्स हीट म्हणजे दार उघडताच तोंडावर येणारी.

(आयर्लंडमधे 'इट्स फिअर्स कोल्ड' म्हणतात, तिथे तो नुसता 'फार' होऊन बसतो. जनावर तिथे पाळीव झालेलं दिसतंय.)

खरी मजा कौतुकात आहे. 'फिअर्स लॉयल्टी', 'फिअर्सली प्रोटेक्टिव्ह'. पिल्लांजवळ हात नेला की फिसकारणारी मांजर आठवा: राग आहे, पण मायेपोटी. इथे 'उग्र निष्ठा' लिहिलं आणि स्वतःलाच हसू आलं. पाच-सहा शब्द खोडल्यावर 'कडवी निष्ठा' बसलं. कडवी झुंज, कडवा विरोध, तिथेही चाललं. वाटलं, सापडली किल्ली! पण 'कडवं ऊन' म्हणून बघा. आपल्याकडे ऊन रणरणतं, वारा सोसाट्याचा, स्पर्धा चुरशीची. प्रत्येक नाम आपलं विशेषण घरूनच घेऊन येतं, उसनं चालत नाही. त्यामुळे वहीत अर्थाचा रकाना खोडून तिथे जोड्या लिहायला लागलो. आधीच सुचायला हवं होतं.

स्पेलिंगमधे आयच्या आधी ई घालणं अजून थांबलेलं नाही. आजवर चारदा.

'फिअर्सली इंडिपेंडंट' आठ दिवस अडलं होतं. कडवी स्वतंत्र? छे. काल रात्री पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'कुणाची मिंधी न राहणारी'. अजून शाई फिरवलेली नाही.