हलरुआ जळलं की वाचलं

रविवार, रात्रीचे साडेबारा

सगळे आत्ता गेले. चहाचे कप, चिवड्याची वाटी आणि फासे टेबलावर तसेच पडलेत, आवरायचं मनात नाहीये, आधी हे लिहून टाकते, नाहीतर सकाळपर्यंत आजचा तो क्षण निसटेल.

आम्ही डी अँड डी खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. गोष्ट चालवणारी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, मी, बाकीचे एकेक पात्र खेळतात. आमचं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, फरगॉटन रेल्म्स या पुस्तकांतल्या काल्पनिक जगातलं, त्यांच्या कालगणनेप्रमाणे साल १४९२. फॅन्डालिन गावापासून सुरू केलं होतं, आता मंडळी वॉटरडीप शहरात पोचलीत. माझी मैत्रीण जी एल्फ विझर्ड (दीर्घायुषी एल्फ जमातीतली जादूगार) खेळते ती मूळची हलरुआची. हलरुआ म्हणजे पार दक्षिणेकडचं, डोंगरांनी वेढलेलं जादूगारांचं राज्य, तिथे जहाजंसुद्धा आकाशातून जातात. १३८५ साली जादूची देवी मिस्ट्रा मारली गेली, स्पेलप्लेग आला, निळी आग पसरली आणि अख्खं हलरुआ उडालं. एल्फ तेव्हा शिकायला उत्तरेकडे होती म्हणून ती तेवढी उरली. मैत्रिणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात नावं आहेत, बहीण, गुरू, शेजारी, सगळी तिनेच रचलेली, पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेली, आणि खेळात वर्ष बदललं की ती सातही नावं मोठ्याने वाचते. तेव्हा टेबलावर कुणी चिवड्यालाही हात लावत नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझा मावसभाऊ मधेच म्हणाला, "ताई, पण हलरुआ तर वाचलंय ना?" आणि फोनवर काढून दाखवलं. खरंच होतं. रेल्म्सच्या २००८ च्या अधिकृत पुस्तकात हलरुआ बेचिराख झालंय, पण २०१५ च्या सोर्ड कोस्टच्या पुस्तकात लिहिलंय की तिथल्या जादूगारांना भविष्य आधीच दिसलं होतं, त्या आगीचीच ताकद वापरून ते जुळ्या जगात, अबीरमध्ये निघून गेले आणि आता परत आलेत. म्हणजे ती सात माणसं मेलीच नव्हती. मैत्रीण काही बोलली नाही, फक्त वही मिटली.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नव्हता. सोपं उत्तर होतंच की माझं टेबल, माझं जग, पुस्तक गेलं खड्ड्यात. आणि नियमांनुसारही ते बरोबरच आहे, २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्पष्ट म्हटलंय की तुम्ही रेल्म्समध्ये खेळत असाल तरी तुमचं कॅम्पेन म्हणजे त्या अधिकृत जगाचं एक आरशातलं रूप. रेल्म्सच्या १९८७ च्या पहिल्या संचात, राखाडी बॉक्समध्ये तर सेम्बिया नावाचा प्रदेश मुद्दाम डीएमसाठी मोकळा सोडला होता, तुमचं तुम्ही भरा म्हणून (पुढे तिथल्याही कादंबऱ्या आल्या, याचं मला अजून वाईट वाटतं). आणि खेळ काढणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये सांगून टाकलं की खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी फक्त त्याच आवृत्तीची खेळाची पुस्तकं धरायची, कादंबऱ्या नाहीत. एड ग्रीनवुडने हे जग डी अँड डी यायच्याही आधी, लहानपणी रचायला घेतलं होतं, इतक्या वर्षांत इतक्या हातांतून गेल्यावर ते एकसारखं राहणार कसं. हलरुआचंच बघा ना, जाळलंही त्यांनीच आणि वाचवलंही त्यांनीच.

पण "माझं जग" म्हणून मी एकदा केलंय आणि त्याचं काय झालं ते मला आठवतंय. यॉनिंग पोर्टल ही वॉटरडीपची खानावळ, तिच्या मधोमध ती प्रसिद्ध विहीर, १४० फूट खोल, खाली थेट अंडरमाउंटन हे भलंमोठं भुयार, मालक ड्युर्नन एक सोन्याचं नाणं घेऊन दोराने खाली सोडतो. मागच्या वर्षी एका सेशनला मला ती विहीर अडचणीची होत होती म्हणून मी ऐनवेळी सांगितलं की इथे ती बुजवलेली आहे. मावसभावाने नेमकी तिथूनच पळायची योजना केलेली, तासभर मनात जुळवत बसला होता तो, सगळी पुस्तकं वाचलेली त्याने, शाळेत असल्यापासून. भांडला वगैरे नाही. पण पुढची दोन सेशनं तो प्रत्येक चालीआधी विचारत होता, "ताई, इथे हे असंच आहे का? आणि हे?" रस्त्याचं नाव घेतानासुद्धा. त्याच्या पायाखालची जमीन मीच काढून घेतली होती. लोर, म्हणजे त्या जगाची पुस्तकांतली ठरलेली माहिती, ही डीएमच्या पायातली बेडी असं आपण म्हणतो, पण खेळणाऱ्याला तो धरायला कठडा असतो, मला न विचारता त्याला काहीतरी ठरवता येतं ते त्याच्याच जोरावर.

आमच्या कुडाळकडे जत्रेत दशावतार बघत मोठी झाले मी. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रंगमंचावर. अभिमन्यू चक्रव्यूहातून जिवंत परत येणार नाही हे समोर गोणपाटावर बसलेल्या पोरालाही माहीत असतं, ते कुणी बदलत नाही, पण निघताना तो उत्तरेशी काय बोलेल ते दर रात्री वेगळं, आणि बायका पदर डोळ्यांना लावतात त्या तिथेच. मला लहानपणी हे साधं वाटायचं, आता कळतंय केवढं कठीण काम आहे ते.

फक्त आमच्या टेबलावर आख्यान कुठलं, हा प्रश्न राहतोच. आणि गेल्या आठवड्यात भांडी घासताना मला एकदम लख्ख वाटलं की आमचं आख्यान त्या वहीतली सात नावं आहेत. ती टेबलावर उच्चारली गेलीत, पाच जणांनी ऐकलीत, तीनदा. पुस्तकातली ओळ मी बदलू शकते, पण पाच जणांनी मिळून ऐकलेलं मी एकटीने खोडू शकत नाही, पुस्तकाचा आधार घेऊनही नाही. तशी ती विहीरही सगळ्यांच्या मनात होतीच, ती बुजवायचाही मला अधिकार नव्हता.

मग मार्ग सुचला तो एबेरॉनवरून. कीथ बेकरचं ते जग २००४ साली आलं, त्यात सायर नावाचा देश एका दिवसात नष्ट होतो, त्याला मोर्निंग (म्हणजे शोक) म्हणतात, आणि तो का नष्ट झाला याचं अधिकृत उत्तर मुद्दाम दिलेलंच नाही. उत्तर प्रत्येक टेबलाने आपापलं शोधायचं. म्हटलं, हलरुआचंही तसंच ठेवू, मावसभावाचं पुस्तक खोटं नाही पाडायचं आणि तिची वहीसुद्धा नाही.

आज यॉनिंग पोर्टलमध्ये (विहीर जागेवर होती, मावसभावाने आल्या आल्या वाकून बघितली) एक म्हातारा खलाशी बसवला. कॅलिमशानच्या किनाऱ्याकडून आलेला, दारू उतरलेली, हात थरथरणारे. तो म्हणाला की दक्षिणेला एका पहाटे त्याने ढगांतून जहाज जाताना पाहिलं, कुणी विश्वास ठेवत नाही. एवढंच. फासे टाकायला सांगितले नाहीत, खरं का खोटं काही सांगितलं नाही.

मावसभावाला लगेच कळलं, मी बघत होते, तोंड उघडलं आणि मिटलं त्याने. मैत्रिणीने पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ कुणीच बोललं नाही, बाहेर रिक्षा वळल्याचा आवाज आला तेवढाच. मग तिने एल्फच्या आवाजात, अगदी हळू विचारलं, "शिडं कुठल्या रंगाची होती?"

याची मी काहीच तयारी केली नव्हती. मी तिलाच विचारलं, तुझ्या बहिणीच्या जहाजाची कुठल्या रंगाची होती?

ती म्हणाली, पुढच्या वेळी सांगते. जाताना वही इथेच विसरलीये, सोफ्यावर पडलीये. उघडून बघणार नाही मी. सकाळी फोन करून सांगते तिला.