दहा गुण वाढले म्हणजे घोटा बरा झाला का?

मुरगळलेला घोटा घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी ‘फॅम’ (FAAM) ही पाय आणि घोट्याची क्षमता मोजणारी प्रश्नावली भरायला देते. २१ प्रश्न रोजच्या हालचालींचे (उकिडवं बसणं, जिने, खडबडीत रस्ता), ८ खेळाचे. २००५च्या मूळ अभ्यासात, दुखणं स्थिर असलेल्यांकडून ती पुन्हा भरून घेतल्यावर विश्वासार्हता (१ म्हणजे दोन्ही वेळा तंतोतंत जुळणारे गुण) रोजच्या भागात ०.८९ आणि खेळाच्या भागात ०.८७ आली. उत्तमच! पण मला त्यापुढचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. खेळाच्या भागात शंभरापैकी १२ गुणांपर्यंतचा बदल निव्वळ मोजमापातला चढउतार असू शकतो, आणि रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरक मानलाय ९ गुणांचा. म्हणजे दहा गुणांची वाढ अर्थपूर्ण वाटली, तरी ती निव्वळ चढउतारही असू शकते. म्हणून एखादा कबड्डीपटू “मॅडम, दहा वाढले, उतरू का मैदानात?” विचारतो, तेव्हा मी त्याला आधी दुखऱ्या पायावर उभं करते, मग लंगडी घालायला लावते.