पहिलीच्या वर्गातला फाल्गुन

वसंत ऋतूचा पाठ मी गेली काही वर्षे फळ्यापासून सुरू करत नाही. आमची जिल्हा परिषदेची छोटी शाळा वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि फेब्रुवारी अर्धा सरला की शाळेच्या वाटेवरच सगळा ऋतू मांडलेला असतो. कुंपणापलीकडच्या काजूला बोंडे धरलेली असतात, पांगारा पाने टाकून लाल झालेला असतो, कलमांखाली सुपारीएवढ्या कैऱ्या गळून पडलेल्या असतात आणि वर्गाच्या खिडकीतून तांबट पक्ष्याचे एकसुरी टुक टुक सकाळपासून ऐकू येत असते. अशा वेळी मुलांना आत बसवून चित्रातली पालवी दाखवणे मला पटत नाही.

याला ऋतूइतकेच मुलांचे वयही कारण आहे. जूनमध्ये पहिलीत आलेले मूल पेन्सिल मुठीत धरत असते. फाल्गुनात तेच मूल चार-पाच शब्दांचे वाक्य वाचू आणि लिहू लागलेले असते. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झाले तेव्हापासून आम्हा शिक्षकांपुढे पहिलीसाठी साधारण हीच अपेक्षा आहे: सोप्या चार-पाच शब्दांची अनोळखी वाक्ये वाचता यावीत, 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. अपेक्षा योग्यच आहे, परंतु वर्षअखेरीच्या मूल्यमापनाच्या धास्तीने बऱ्याच वर्गांत हे दोन महिने त्याच त्या शब्दांच्या उजळणीत जातात, हे मला फार खटकते. नुकतेच लिहू लागलेल्या मुलाला लिहावेसे वाटेल असे काही समोर हवे, आणि कोकणात ते नेमके याच दिवसांत झाडांवर आणि वाळूत असते.

आमचा सर्वांत मोठा उपक्रम काजूचा असतो. दोन करवंट्या, एक काठी आणि सुतळी एवढ्या साहित्यात तराजू होतो. करवंट्या सारख्या वजनाच्या मिळवणे हेच मुख्य काम असते, त्यासाठी मुलांनी घरून दहा-बारा आणलेल्या असतात. काजूच्या बिया मात्र मी वाळलेल्याच वापरते आणि कोणालाही त्या फोडू देत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने ओली बी दाताने फोडली आणि टरफलातल्या चिकाने त्याचे ओठ भाजले. लक्ष ठेवायला मी कमी पडले होते. तेव्हापासून पहिला तास चिकाविषयीच बोलण्यात जातो, आणि त्यातली निम्मी माहिती मुलेच देतात, कारण बिया भाजताना उडणारा चीक त्यांनी घरी पाहिलेला असतो.

यंदा आम्ही दोन प्रकारच्या बिया घेतल्या होत्या. एका टोपलीत गावठी काजू, दुसरीत वेंगुर्ला-7 या कलमांचे टपोरे काजू. ही जात आमच्याच तालुक्यातल्या फळ संशोधन केंद्राने दिलेली, आणि तिची बी गावठीच्या मानाने चांगलीच मोठी असते. एका करवंटीत मोठे काजू दहा मोजून ठेवले आणि दुसऱ्या करवंटीत मुलांनी एकेक करून गावठी काजू टाकायला सुरुवात केली. दहा झाले तेव्हा सगळ्यांनी काठीकडे पाहिले. ती हललीसुद्धा नव्हती. बारा, तेरा, चौदा. सोळाव्या बीला काठी किंचित उचलली गेली आणि सतराव्या बीला सरळ झाली. वर्गात एवढी शांतता मी क्वचित अनुभवली आहे. मग मागे बसणारी, सहसा न बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘बाई, सतरा दहापेक्षा जास्त ना? मग ही काठी सरळ कशी?’’

त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. पुढचे तीन दिवस मुले त्यावर वाद घालत होती. एकाने सतरा काजू आणि दहा काजू जमिनीवर ओळीने मांडून पाहिले, दुसऱ्याने एक मोठा आणि एक लहान काजू दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. चौथ्या दिवशी त्याच मुलीने वहीत लिहिले: ‘मोठे काजू कमी लागतात.’ चार शब्द. मोजणे आणि तोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सहा वर्षांच्या मुलीने स्वतः शोधले, आणि ते मांडायला लागणारे वाक्यही तिने स्वतःच जुळवले.

काजू मोजताना आणखी एक प्रसंग घडला. एका मुलाचे आजोबा बियांची पिशवी घेऊन आले आणि मुलांसमोर मोजू लागले, ‘‘लाभ, दोन, तीन, चार...’’ मुले थबकली. एक कुठे गेला? धान्याचे पहिले माप ओतताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची आपल्याकडची जुनी रीत आजोबांनी समजावली, आणि मग आठवडाभर वर्गातली प्रत्येक मोजणी लाभापासून सुरू झाली. संख्यांची नावे ही माणसांनी ठेवलेली नावे आहेत, हे पहिलीतच कळले तर पुढची वाट सोपी होते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी येतो. या उलटापालटीत मुले अडखळतात हे प्रत्येक शिक्षक जाणतो. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडणी आली तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. मी वर्गात दोन्ही बोलते. दहा-दहा काजूंच्या दोन पुरचुंड्या आणि पाच सुटे काजू हातात असले, की ‘वीस पाच’ समजते आणि ‘पंचवीस’ त्याचे लाडके नाव म्हणून लक्षात राहते.

भाषेचे बहुतेक काम सुरंगी करते. आसोली, सोन्सुरे, आरवली या भागात सुरंगीची झाडे पुष्कळ आहेत. तिच्या कळ्या जुन्या फांद्यांना चिकटून घोसांनी येतात आणि उमलण्याआधी भल्या पहाटे काढाव्या लागतात, म्हणून या दिवसांत काही मुलांच्या आया उजाडण्यापूर्वीच झाडाखाली असतात. त्यांतल्या एकीने वर्गासाठी एक वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, दिला. तो हातोहात फिरवला, मुलांच्या बोटांना पिवळे पराग लागले, आणि मी सांगितले की वास कशासारखा आहे ते लिहा. ‘छान’ हा शब्द त्या दिवसापुरता बंद केला होता. एका मुलाने लिहिले: ‘आजयेच्या पेटयेक सुरंगीचो वास येता.’ त्याची आजी सुकलेला वळेसर कपड्यांच्या पेटीत ठेवते.

हे वाक्य मी जसेच्या तसे फळ्यावर उतरवले आणि त्याखाली लिहिले, ‘आजीच्या पेटीला सुरंगीचा वास येतो.’ दोन्ही वाक्यांत काय सारखे आहे आणि काय बदलले आहे ते मुलांनी बोट ठेवून दाखवले: पेटयेक आणि पेटीला, वास दोन्हीकडे तोच, येता आणि येतो. वरचे वाक्य चुकीचे आणि खालचे बरोबर, असे मी कधीही म्हणत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे, पण धोरण नसते तरी माझी रीत हीच राहिली असती. मालवणीत विचार करणाऱ्या मुलाला आधी मालवणीत लिहू दिले, की ते प्रमाण मराठीकडे आनंदाने येते. आधी खोडले, तर ते लिहिणेच सोडते. असे गप्प झालेले मूल मी पाहिले आहे आणि त्याला पुन्हा बोलते करायला मला पूर्ण वर्ष लागले होते.

कासवांचा उपक्रम लांबणीचा असतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू झाले. आमच्या तालुक्यात वायंगणीच्या किनाऱ्यावरही गावकरी ही घरटी जपतात. जानेवारीत अंडी सुरक्षित ठेवल्याची बातमी आली, तेव्हापासून आम्ही दररोज एक शिंपला बरणीत टाकत गेलो, रविवारचा शिंपला सोमवारी टाकायचा असा नियम करून. पिल्ले बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, एवढेच मी सांगितले होते. ‘‘पिल्लां कधी येतली?’’ हा प्रश्न रोजचा झाला आणि उत्तरासाठी मुले रोज बरणी ओतून शिंपले दहा-दहांच्या ढिगांत लावू लागली. पाच ढीग आणि दोन सुटे झाले त्या दिवशी निरोप आला. पालकांसह आम्ही पहाटे किनाऱ्यावर गेलो. तळहाताहून लहान पिल्ले ओल्या वाळूवरून पाण्याकडे सरकत होती आणि त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या बारीक खुणा मागे उमटत होत्या. मुलांनी नंतर पिल्लांपेक्षा त्या खुणाच अधिक काढल्या: पानभर तिरक्या रेघा, सगळ्या एकाच दिशेला जाणाऱ्या.

सूर्यास्ताची नोंद घरी करायची असते आणि तिला फारसे श्रम नाहीत. आठवड्यातून एकदा, किनाऱ्यावर एकाच जागी उभे राहून, सूर्य कशाच्या मागे बुडाला ते चित्रात दाखवायचे. जानेवारीत तो डावीकडच्या खडकांमागे जातो, 21 मार्चच्या सुमारास थेट पश्चिमेला आणि एप्रिलमध्ये उजवीकडे. ‘‘बाई, सूर्य सरकलो,’’ असे एकाने येऊन सांगितले, तेव्हा मी त्याला सगळी चित्रे भिंतीवर क्रमाने लावायला दिली.

शिमग्यात हजेरी घटते, पालखी घरोघर फिरत असते आणि मुंबईहून आलेल्या चुलत भावंडांना सोडून शाळेत येणे मुलांना जड जाते. मी त्याविषयी रागावत नाही. परत आल्यावर पालखी कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेली, याचा नकाशा अंगणातल्या वाळूत काढायचा असतो. त्यांचा आयुष्यातला पहिला नकाशा तोच.

गुढीपाडव्यानंतर पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. आईचा पदर धरून आलेला एक मुलगा आत यायला तयार नव्हता. सतरा काजूंचा प्रश्न विचारणारी ती मुलगी तराजू घेऊन पायरीवर त्याच्याशेजारी बसली आणि तिने काजूंची टोपली त्याच्यापुढे सरकवली. बऱ्याच वेळाने त्याने एक काजू उचलून करवंटीत टाकला.

‘‘एक,’’ तो म्हणाला.

‘‘लाभ,’’ तिने सांगितले.