मॉडेलच्या पुलावर रूळ टाकताना

मॉडेल रेल्वेत पूल करणं सोपं, त्यावरची लाईन करणं कटकटीचं. गर्डर, म्हणजे पुलाचे लांब आडवे बीम, मी प्लास्टिक शीटमधून कापले, चिकटवले, रंग मारला, झालं. पण जमिनीवरचाच तयार ट्रॅक पुलावर ठेवला, तर जाणकार माणूस लांबूनच नाक मुरडतो.

कारण उघड्या गर्डरच्या पुलावर खडीच नसते. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, थेट गर्डरवर बसतात आणि हुक बोल्टनं धरलेले असतात. बोल्टचं खालचं वाकडं टोक गर्डरच्या कडेखाली अडकतं, वर नट आवळायचा. आमच्या गल्लीतले एक काका रेल्वेच्या ट्रॅक खात्यातून रिटायर झालेत. फोटोत मी हुक शोधत होतो, तर म्हणाले, "खाली काय बघतोयस? माथ्यावरचा बाण बघ. तो फिरला की हुक सुटला समज." बोल्टच्या डोक्यावर खरंच तशी खूण असते. १:८७ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, ती दाखवणं माझ्या आवाक्याबाहेरचं. मी बारीक खिळ्यांची डोकी लावली.

पुलाच्या लाकडी स्लीपरची लांबी किमान २४४० मिमी, म्हणजे मॉडेलला २८. जाडी १५० मिमीची पावणेदोन होते. एवढ्या बारीक सागवानी पट्ट्यांसाठी उद्यमनगर गाठलं. कारागीर म्हणाला, "भावा, आगपेटीच्या काड्या करायच्यात काय?" पट्ट्यांपेक्षा भुसाच जास्त निघाला, पण माप तंतोतंत मिळालं. हल्ली पुलांवर लाकूड जाऊन पोलादी स्लीपर येतायत. मला जुनाच पूल हवा होता. दोन स्लीपरमधली मोकळी जागा ५१० मिमीपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे इथं सहापेक्षा कमी. पाच मिमीचा ठोकळा मध्ये धरून एकेक बसवत गेलो.

गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या, बाबतीत तडजोड आहेच. बाजारातला ट्रॅक १६.५ मिमी, आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला १९ च्या वर हवा. चाकं बदलत बसायची माझी तयारी नाही.

मग गार्ड रेल. मुख्य रुळांच्या आत ही दुसरी जोडी असते. तिच्यावर गाडी चालत नाही. डबा घसरलाच तर चाक पुलावरून खाली न जाता अडावं म्हणून ती. मुख्य रुळापासून अंतर साधारण २५० मिमी, मॉडेलला जेमतेम तीन. ती मुख्य रुळापेक्षा २५ मिमीपर्यंत खाली असली तरी चालते. मी कोड ८३ च्या आत कोड ७० रूळ टाकले (कोड म्हणजे मॉडेलच्या रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत). फरक खऱ्या मापात २८-२९ मिमी होतो, पण काकांना हे बोललो नाही. पुलाच्या पलीकडे दोन्ही टोकं मध्यभागी जवळ आणून खाली वाकवायची, म्हणजे डब्याची लोंबणारी साखळी त्यांत अडकत नाही. हे वाकवणं पक्कड घेऊन सावकाश केलं. रूळ पिळला की सगळं वाया.

खरी गंमत रूळ धरण्यात आहे. तीस मीटरचा पोलादी गर्डर तीस अंशांनी तापला की सुमारे दहा मिमी वाढतो. रूळ त्याला घट्ट जखडला तर दोघांची ओढाताण होते. म्हणून अशा पुलांवर रूळ उभा आणि गेजमध्ये धरतात, पण लांबीच्या दिशेनं सरकायला मोकळा ठेवतात. माझी खोली गच्चीवर पत्र्याखाली, एप्रिलमध्ये भट्टीच. म्हणून गोंद फक्त मध्यावर लावला. बाकी ठिकाणी खिळ्यांची डोकी रुळाच्या पायाला टेकून, दाबून नाहीत. दोन्ही टोकांच्या जोडांत अर्धा मिमी फट सोडली.

आता काकांचा आग्रह आहे, पुलाच्या कडेला ट्रॉली रेफ्यूज, म्हणजे बाजूला सरकून थांबायची छोटी जागा, हवाच. गाडी आली की पुलावरच्या माणसांनी रुळांवरची ढकलट्रॉली घेऊन जायचं कुठं? पितळी जाळी मिळाली की तेही करतो.