गच्चीवरची स्ट्रॉबेरी : माझा पहिला हंगाम

घरी स्ट्रॉबेरी लावायची म्हटलं की पहिलं आमिष येतं ते बियांच्या पाकिटांचं. ऑनलाइन शोधा, लाल तर सोडाच, निळ्या नि काळ्या स्ट्रॉबेरीचंही बी विकायला आहे! चित्र बघून हसावं आणि पुढे जावं. आपण खातो ती स्ट्रॉबेरी संकरित. बी पेरून आलेलं रोप मूळ झाडासारखं निघेलच याचा भरवसा नाही, आणि फळ धरायला ते महिनोन्‌महिने घेतं. महाबळेश्वर, पाचगणी, भिलारकडे लागवड होते ती रनरच्या रोपांची; रनर म्हणजे झाडापासून जमिनीलगत फुटणारा लांब तंतू, त्याच्या टोकाला नवं रोप धरतं. मे-जूनच्या सुमारास परदेशातून मदर प्लांट येतात, वाईच्या बाजूला, जिथे पाऊस बेताचा, तिथल्या नर्सऱ्यांत त्यांचे रनर वाढवतात, आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं शेतात जातात. पुण्यात राहून हेच वेळापत्रक पाळायचं, एवढं एकच मी आधी ठरवलं होतं.

ऑक्टोबरात वाईजवळच्या एका नर्सरीतून रोपं आणली. विंटर डॉन आणि स्वीट चार्ली या दोन जातींची, थोडी थोडी. गच्चीत कुंड्यांत लावणार म्हटल्यावर नर्सरीवाले दादा जरा हसलेच. "लावा की ताई, येतंय. फक्त पाणी कमी, ऊन जास्त. आणि रोप जास्त खोल गाडू नका, कुजतं." रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि आजच संध्याकाळी लावा म्हणाले.

दादांच्या त्या 'खोल गाडू नका'मध्ये निम्मी लागवड आली. स्ट्रॉबेरीच्या रोपाला उंच खोड असं नसतंच. मुळं संपतात आणि पानांचे देठ फुटतात त्यामध्ये बोटाच्या पेराएवढा एक जाडसर भाग असतो, त्याला क्राऊन म्हणतात. तो बरोबर मातीच्या पातळीवर राहायला हवा. खाली गेला तर नवा कोंब मातीत कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. रोप लावून पाणी दिलं की माती खाली बसते आणि सगळा हिशोब चुकतो, म्हणून पाणी घालून झाल्यावर मी प्रत्येक कुंडीपाशी पुन्हा बसून क्राऊनभोवतीची माती बोटाने सारखी केली.

मातीचं म्हणाल तर पुण्याची काळी माती मी वापरलीच नाही. ती पाणी धरून बसते, वर चुनखडीची; स्ट्रॉबेरीला थोडी आम्लधर्मी, निचऱ्याची माती लागते. लाल माती, गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण केलं. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घेतलं, कारण त्यात क्षार असतात आणि क्षारांच्या बाबतीत हे झाड भलतंच नाजूक आहे. त्यासाठीच बोअरचं पाणी टाळून पिण्याचं पाणी घालत होते. सासूबाईंना ते काही पटलं नाही. "माणसांना टँकर आणि स्ट्रॉबेरीला कॉर्पोरेशनचं!" हे मी हंगामभर ऐकलं.

मुळं धरेपर्यंत आलेली पहिली फुलं खुडायची असतात. लेकीने त्यावरून अबोला धरला. पण थंडी पडली तशी रोपं भरली आणि डिसेंबरात फुलं धडाधड आली. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा घुमट. त्या घुमटावर शेकडो बारीक स्त्रीकेसर असतात. आपण ज्यांना स्ट्रॉबेरीच्या बिया म्हणतो, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने खरी फळं, आणि लाल गर हा फुलाचा फुगलेला तळ. जिथे परागीभवन होत नाही तिथला गर फुगतच नाही, म्हणून काही फळं वाकडी, एका बाजूला चिमटलेली निघतात. चौथ्या मजल्यावर मधमाश्या येऊन जाऊन. मग लेकीच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घेऊन रोज सकाळी दहाच्या सुमारास फुलांवरून हलकेच गोल फिरवायचा. तिचा अबोला त्या कामाने सुटला. काही फळं तरी वाकडी आलीच, पण चवीला सरळच होती!

फुलापासून लाल फळापर्यंत साधारण महिना जातो. फळ हिरवं, मग पांढरट, मग लाली चढायला लागते, आणि नेमका त्याच दिवशी बुलबुल हजर. सरसकट जाळी टाकली तर ज्या थोड्या माश्या येतात त्याही अडतात, म्हणून जुन्या मच्छरदाणीचे तुकडे कापून पिकायला आलेल्या घोसांपुरत्या पिशव्या शिवल्या. फळं ओल्या मातीला टेकली की बुरशी धरते, त्यासाठी खाली वाळलेलं गवत पसरलं. शेतात मल्चिंग पेपर असतो, कुंडीला गवत पुरतं.

पैशाचा हिशोब विचारू नका. कुंड्या, माती, पेट्रोल धरलं तर तेवढ्यात सिझनभर विकतची स्ट्रॉबेरी पोटभर खाल्ली असती. तरी मी लावीन, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंगाने लाल होते पण गोड होत नाही. लांब पाठवायचा माल प्रवासात टिकावा म्हणून थोडा आधी काढावाच लागतो, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. घरी मात्र देठापर्यंत लाल होऊ द्यायची, वास सुटेपर्यंत थांबायचं. जानेवारीतली ती फळं आम्ही गच्चीतच संपवली, स्वयंपाकघरापर्यंत फारशी पोहोचलीच नाहीत.

मार्चमध्ये दिवस मोठा झाला, ऊन चढलं, तशी फुलं मंदावली आणि रनर सुटायला लागले. तोवर दिसला रनर की कापत होते, आता दोन-चार ठेवले. टोकाला पानं फुटली तिथे मातीचा छोटा पेला ठेवून केसांच्या आकड्याने रनर दाबून धरला, मुळं धरल्यावर जोड कापली. एप्रिलच्या उन्हात मोठी झाडं एकेक करून गेली. महाबळेश्वरलाही दरवर्षी नवीच रोपं लावतात, त्यामुळे त्यांचं फार मनाला लावून घेतलं नाही. रनरची पिल्लं पूर्वेच्या खिडकीत, दुपारच्या उन्हाआड ठेवली आहेत. पावसाळ्यात कुजली नाहीत तर ऑक्टोबरात तीच लावेन. कुजली तर वाई काही लांब नाही.