तारबंद ईशापूर : तार एकदाची बसली!

पावसाळा गेला, दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, तरी माझ्या रायफलीच्या मॉडेलवर पुढच्या बँडामागची (नळी आणि लाकूड आवळणाऱ्या पट्टीमागची) तार जागची हललेली नाही. नखाने ढकलून पाहिली, वेढे सरकत नाहीत. ज्यांनी ऑगस्टमधले फोटो पाहिलेत त्यांना माझा आनंद कळेल.

नव्यांसाठी थोडक्यात : पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड रायफलीचं (नंबर 1 मार्क 3 स्टार), ग्रेनेड फेकायच्या तारबंद प्रकाराचं एकास तीन मापाचं मॉडेल. लांबी जेमतेम 38 सेंटीमीटर, नळी भरीव.

मूळ रायफलीला तार का गुंडाळत, हे समजलं की काम कसं व्हायला हवं तेही समजतं. मार्क 7 काडतुसाची गोळी 174 ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. त्याच रायफलीच्या तोंडावर अडीच इंची कप बसवून पाऊण किलोचा 36 नंबरचा ग्रेनेड फेकायचा, तोही बॅलिस्टाइट नावाच्या दारूच्या बिनगोळीच्या काडतुसावर. दस्ता जमिनीला टेकवून मारायचे, त्यामुळे धक्का सगळा लाकडावर. लाकूड फाटलं तरी तुकडे जागेवर राहावेत, म्हणून तांब्याची तार. त्यामुळे मॉडेलवरही ती आवळलेलीच दिसली पाहिजे. सैल तार दिसली की सगळं खेळणं वाटतं.

आणि नेमकं तेच होत नव्हतं. पावसाळ्यात घट्ट बसलेली तार ऊन पडलं की ढिली. चिकटवायचे सगळे प्रकार झाले. डाख दिला तर खालचं लाकूड करपायचं. शेवटी फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) उलटा करून बघताना लक्षात आलं की दमट हवा आतून शिरतेय, नळीच्या खाचेतून. बाहेरून कितीही पॉलिश करा, आतलं सागवान फुगतं आणि आटतं. मूळ लाकडाला जवसाचं तेल पाजत ते उगाच नाही. मग खाचेला कच्चं जवसाचं तेल, मुरेल तितकं, आणि पूर्ण वाळल्यावरच तार.

तारेचंही सांगतो. हस्तकलेच्या दुकानातली 'कॉपर वायर' घेऊ नका, आत भलताच धातू आणि वर तांब्याचा मुलामा. मोटार वाइंडिंगवाल्याकडून उरलेली तार घ्या. वरचं इनॅमल जाळून काढा, लाल तापवून पाण्यात विझवा, एक टोक व्हाइसमध्ये धरून पकडीने हलकेच ओढा. तार कणभर लांबते आणि सगळे वाक निघतात. वेढ्यांखाली एक तार आडवी ठेवली, डाख फक्त तेवढ्या रेषेवर दिला, दोन्ही बाजूंना ओल्या फडक्याच्या पट्ट्या. लाकूड शाबूत! वेढ्याला वेढा इतका चिकटून बसलाय की उजेडात धरलं तरी फट दिसत नाही.

सॉकेटवर (दस्ता बॉडीला जोडतो त्या धातूच्या भागावर) मुकुट, खाली जी.आर.आय. (राजा जॉर्जची लॅटिन आद्याक्षरं), ईशापूर आणि 1942 असं कोरायचं ठरलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी ईशापूर) छापाच्या रायफलीही तारबंद दिसतात, त्यामुळे अशोकस्तंभाचाही मोह होता. पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय. मुकुट आणि 1942 तसंच ठेवून शेजारी 'एफ.आर.', म्हणजे फॅक्टरी रिपेअरचा शिक्का मारला तर? युद्धकाळात घडलेली, पुढे कारखान्यात परत येऊन दुरुस्त झालेली रायफल. ईशापूरच्या कितीतरी रायफलींचं आयुष्य असंच गेलंय, आणि एकाच तुकड्यावर ते दोन्ही काळ दिसतील. मग बोल्टच्या मुठीमागचा नंबर बॉडीशी जुळवावा का, हा प्रश्न येतो. जुळवणार. दुरुस्तीला गेलेली रायफल नीट जोडूनच बाहेर पडली असणार.

बारा गोळ्यांच्या मॅगझिनची 7.62 मिलिमीटरची टू-ए-वन, म्हणजे ईशापूरचीच नंतरची रायफल, करायचा बेत त्यामुळे पुढे ढकलतोय. आधी कप. तो कायमचा चिकटवणार नाही, काढता-घालता आला पाहिजे, नाहीतर इतकी घासून काढलेली नोजकॅप (नळीच्या तोंडाशी बसणारी धातूची टोपी) झाकून जाईल. कपाचे जबडे नोजकॅपला खालून पकडतात, तो भाग कोणाकडे स्वच्छ फोटोत असेल तर हवाय. सगळ्यांनी वरूनच टिपलाय.